जिप्सीला ऑटोमॅटिक लॉकर: पुढे बसवावा की मागे?

वेळवंडीकाठ | १२ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २००८ ची मारुती जिप्सी आहे. सॉफ्ट टॉप, टायर कंपनीच्या मापाचेच, पुढे हाताने फिरवायचे फ्री व्हील हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडवणारे खटके. मी पुण्यात वारज्याला राहतो आणि शेती भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. डांबरी संपल्यावर अडीच किलोमीटर कच्चा रस्ता आहे आणि मध्ये एक ओहोळ. चुलतभाऊ सहकुटुंब तिथेच राहतो, सात म्हशी आहेत. दर शनिवारी मी पेंडीची पोती घेऊन वर जातो आणि रविवारी परत येतो. पावसाळ्यात त्या वाटेने दुसरी गाडी जात नाही.

अडचण ओहोळाची. तो रस्त्याला सरळ नाही, तिरपा कापतो. गाडी खाली उतरली की पुढचं डावं चाक खळग्यात लोंबकळतं आणि त्याच वेळी मागचं उजवं उचललं जातं. फोर लो मध्ये (चारही चाकांना जोर, हळू गियर) असूनही ती दोन अधांतरी चाकं गरगर फिरतात, आणि जमिनीला टेकलेली दोन जागची हलत नाहीत. यंदा तीनदा असं अडकलो. तिसऱ्या वेळी रात्र होती आणि गाडीत चुलती तापाने फणफणलेली. खालच्या वाडीतून ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास गेले. ते दोन तास डोक्यातून जात नाहीत.

ट्रॅक्टरवरचं डिफरन्शिअल लॉकचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारं, पायडल मला लहानपणापासून माहीत आहे. जिप्सीला तसंच काही हवंय, पण आपोआप लागणारं. हवेचा कॉम्प्रेसर, नळ्या, वायरिंग यात पडायचं नाही. चौकशी केली तर एक जण म्हणतो मागे बसव, दुसरा म्हणतो पुढे, तिसरा म्हणतो दोन्हीकडे. घरी बायकोही ही गाडी चालवते, आणि तीही पावसात. तुमचा अनुभव सांगा.


दातेचक्र | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०२

वेळवंडीकाठ, तुम्ही रस्त्याचं वर्णन नेमकं केलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी गिअरबॉक्सच्या कामात २२ वर्षं घालवली आहेत. थोडं मुळापासून लिहितो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

बैलगाडीची दोन चाकं कण्यावर सुटी फिरतात, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरलं तरी तिला काही वाटत नाही. मोटारीत त्याच कण्यातून इंजिनाचा जोर चाकांना द्यायचा असतो, त्यामुळे चाकं सुटी ठेवता येत नाहीत आणि घट्ट बांधताही येत नाहीत. डिफरन्शिअलने ही अडचण सोडवली. आतले स्टार गियर दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क) देतात आणि वेग मात्र ज्याचा त्याला ठेवू देतात. मेख त्या 'सारखाच पीळ' मध्ये आहे. अधांतरी चाकाला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून टेकलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. लोक म्हणतात 'सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे गेली'. खरं तर ताकद इंजिनातून बाहेरच पडत नाही, कारण तिला अडवणारं कोणी नसतं.

ऑटोमॅटिक लॉकर याच्या उलट स्वभावाचा. तो मुळात लागलेला असतो आणि गरजेपुरता सुटतो. स्टार गियर काढून त्या जागी जे छोटे लॉकर बसवतात, ज्यांना सगळे लंचबॉक्स लॉकर म्हणतात, त्यांत समोरासमोर दातेरी कप्लर असतात आणि त्यांच्यामधून क्रॉस शाफ्ट जातो. इंजिनाचा जोर आला की शाफ्ट कप्लरच्या उतरत्या खाचेवर रेटतो, कप्लर बाहेर ढकलले जाऊन साइड गियरच्या (चाकांच्या शाफ्टला जोडलेल्या गियरच्या) दातांत बसतात आणि दोन्ही चाकं एक होतात. वळणावर बाहेरचं चाक क्राऊनपेक्षा (डिफरन्शिअल फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकापेक्षा) जास्त वेगाने पळू लागलं की त्याच्या बाजूच्या कप्लरवरचा दाब जातो आणि दात एकमेकांवरून घसरतात. तोच तो टक-टक-टक आवाज. म्हणजे वळणावर एक्सिलरेटर दिलेला असेल तर सगळा जोर आतल्या चाकावर येतो. हे नीट लक्षात ठेवा, घाटात त्याचा संबंध येणार आहे.

डेट्रॉइट लॉकर याच जातीचा, पण तो अख्खी केसच बदलतो. जास्त मजबूत, पण क्राऊन आणि त्याला फिरवणारं पिनियन यांचा मेळ नव्याने बसवावा लागतो. जिप्सीच्या साध्या टायरला आणि टनभर वजनाला मला त्याची गरज वाटत नाही.

हेलिकल गियरचे लिमिटेड स्लिप, म्हणजे ट्रूट्रॅक किंवा टॉर्सेन पद्धतीचे, डांबरावर सगळ्यांत सभ्य. पण ते कमी पकड असलेल्या चाकाच्या पिळाला ठराविक पटीने गुणतात, आणि शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. चाक अधांतरी गेलं की हलका ब्रेक दाबून त्याला खोटा अडथळा द्यावा लागतो. तुमच्या ओहोळात चाक सरळ उचललं जातं, म्हणून तो प्रकार तुमच्या कामाचा नाही.

आता मुख्य मुद्दा. जिप्सी पार्टटाइम फोर बाय फोर आहे. फोर व्हील लावलं की ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे जोर नेणारे प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते. त्यामुळे गाडी अडकायला पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन्ही चाकं एकाच वेळी सुटावी लागतात. दोनपैकी कोणताही एक एक्सल लॉक झाला तरी ही साखळी तुटते. दोन्हीकडे बसवायचा खर्च आधीच करू नका. पहिला लॉकर जेवढं काम करतो, त्याच्या मानाने दुसऱ्याने पडणारी भर फार थोडी असते.


गॅरेजकाका | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

मागंच बसवा.

चढावर गाडीचं वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात. जिथं वजन तिथं पकड, आणि जिथं पकड तिथं लॉक. कोल्हापूर-गगनबावडा पट्ट्यात मी गेली तीस वर्षं जीपा आणि जिप्स्या खोलतोय, पुढं लॉकर घालून सुखी झालेला गडी कमी बघितला. पुढं लॉक लागला की स्टिअरिंग दगडासारखं होतं, गाडी वळायला तयार होत नाही. आणि जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या टोकाला बर्फिल्ड जॉइंट असतो, चाक वळलेलं असलं तरी त्याला जोर पोचवणारा सांधा. स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, पुढचं चाक दगडाला अडलेलं आणि वरून जोरात एक्सिलरेटर, एवढं जुळून आलं की तो जॉइंट जातो. मागच्या एक्सलला तो प्रकारच नाही, सरळ शाफ्ट.


काळीमाती | १३ ऑगस्ट, दुपारी ४:११

आमच्या बार्शीकडच्या काळ्या रानात लॉकरचा काही उपयोग होत नाही, एवढंच सांगायला आलो. माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत रूळ होतो. मग लॉकर असला की एकाऐवजी दोन चाकं रुततात. तुमच्याकडची वाट मुरूम आणि दगडाची असेल तर गोष्ट वेगळी. आधी टायर बघा.


रानजाई | १३ ऑगस्ट, रात्री ९:२०

माझ्याकडे २०२१ ची डिझेल थार आहे, मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल असलेली. इगतपुरीच्या आसपास शाळांना पुस्तकं पोचवायला आम्ही काही मैत्रिणी जातो, त्यामुळे चिखल नेहमीचा.

'ऑटोमॅटिक' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो, तेवढं सांगते. माझ्या गाडीतला ईटन कंपनीचा लॉक एरवी उघडा असतो. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, एक खटका अडकतो आणि एक्सल लॉक होतो. गाडीचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास पोचला की तो लागतच नाही. त्यामुळे डांबरावर तो आहे हे कळतही नाही, घाटात चालवायला काहीच वेगळं नाही. पण चिखलात त्याला जागं करायला चाक थोडं फिरू द्यावं लागतं. पहिल्या वर्षी मी चाक फिरू लागलं की घाबरून पाय काढायची, म्हणून तो लागायचाच नाही. आता पाय स्थिर ठेवते, खट् असा धक्का बसतो आणि गाडी निघते.

वेळवंडीकाठ, तुम्ही म्हणताय तो लॉकर मात्र नेहमी लागलेला असतो. तो मागे असेल तर तो तुमच्याबरोबर कात्रजचा घाटही चढणार आणि सिग्नलवरची वळणंही घेणार. ताई पावसात गाडी चालवतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते: त्यांनी हे आधी कधी अनुभवलंय का?


वेळवंडीकाठ | १३ ऑगस्ट, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. रानजाई, तिने अनुभवलेलं नाही, मीही नाही. तुमचा प्रश्न मनाला लागला. मी आतापर्यंत फक्त त्या ओहोळाचाच विचार करत होतो. आज हिशेब मांडला. दर शनिवार-रविवारी जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर होतात, त्यात कच्चा रस्ता पाच. उरलेलं सगळं डांबर, आणि त्यातलं अर्धं ओलं.

काळीमाती, वाट मुरमाची आणि दगडांची आहे. ओहोळाच्या तळाला गोटे आहेत, चिखल फार नाही.

गॅरेजकाका, बर्फिल्डची भीती खरी वाटते. पण तिथे वळण नाही, स्टिअरिंग सरळ ठेवूनच ओलांडतो.


हिमवाट | १४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

कॅलगरीहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा.

रानजाई म्हणतात त्या ईटनच्या लॉकला इथे सगळे जी८० या नावाने ओळखतात. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये तो १९७३ पासून मिळतो. माझ्या आताच्या पिकअपमध्ये तोच आहे आणि बर्फात मी त्यावर निर्धास्त असतो.

पण त्याआधी माझ्याकडे एक आखूड जीप होती. तिच्या मागच्या एक्सलमध्ये आधीच्या मालकाने नेहमी लागलेला लॉकर बसवला होता. उन्हाळ्यात मला तो आवडायचा. पहिल्या हिवाळ्यात बॅन्फच्या रस्त्यावर, पातळ बर्फावर, साध्या उजव्या वळणावर मी एक्सिलरेटर जरा जास्त दिला. उघड्या डिफरन्शिअलला तिथे एक चाक घसरलं असतं आणि दुसऱ्याने गाडी धरून ठेवली असती. लॉकरमुळे दोन्ही चाकं एकदम घसरली आणि गाडीची शेपूट पुढे येऊ लागली. समोरून कोणी नव्हतं म्हणून आज लिहितोय. शेजारच्या सीटवर माझा सहा वर्षांचा मुलगा होता.

तुमच्याकडे बर्फ नाही हे खरं. पण जुलैत घाटातल्या झाडाखालच्या डांबरावर साचलेलं शेवाळ, आणि पहिल्या पावसात वर आलेलं तेल, हे मी साताऱ्यात असताना पाहिलंय. जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २३७५ मिलीमीटर, म्हणजे आखूड. एक्सिलरेटर देताना आणि सोडताना मागचा लॉकर लागतो-सुटतो, त्या प्रत्येक वेळी गाडी किंचित हलते आणि स्टिअरिंगने सावरावी लागते. लांब पिकअपमध्ये हे जाणवत नाही, आखूड गाडीत जाणवतं.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. आडव्या उतारावर, ओल्या गवतावर, उघडं डिफरन्शिअल एक प्रकारे रक्षण करतं. एक चाक फिरतं, दुसरं न फिरता जमिनीला धरून राहतं. लॉक असला तर दोन्ही फिरतात, आणि फिरणाऱ्या चाकाला आडवी पकड राहत नाही. मागचा भाग सरळ उताराकडे घसरत जातो. तुमच्या वाटेला दरीची बाजू असेल तर याचा आधी विचार करा.


दातेचक्र | १४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

हिमवाट यांनी लिहिलंय ते वाचून मी माझं मत पक्कं करतो: तुमच्या बाबतीत पुढे.

कारण तुमच्या जिप्सीचे हाताने फिरवायचे हब. डांबरावर हब सुटे ठेवले की पुढचे एक्सल शाफ्ट, डिफरन्शिअल, प्रोपेलर शाफ्ट सगळं उभं राहतं, फक्त चाकं फिरतात. आत लॉकर असला काय नसला काय, काही फरक पडत नाही. टक-टक नाही, झटका नाही, घाटात काही नवं शिकायला नको. डांबर संपलं की उतरून दोन्ही हब फिरवा, लॉकर कामाला लागला. म्हणजे पाण्यात न उतरता तुम्हाला हाताने चालू-बंद करता येणारा लॉकर मिळाला, आणि तोही कॉम्प्रेसरशिवाय. ही सोय कायम फिरणाऱ्या पुढच्या शाफ्टच्या गाड्यांना नाही, म्हणून दुसऱ्या गाडीवाल्याचा सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही.

काकांचं चढाचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. सुक्या खड्या चढावर मागचा लॉकर पुढच्यापेक्षा जास्त काम देतो. स्टिअरिंग जड होणार हेही खरं. पण तुमचा अडसर चढाचा नसून तिरप्या खळग्याचा आहे, आणि तिथे पुढचं टेकलेलं चाक गाडीला ओढून काढेल.

आडव्या उताराचा धोका पुढच्या लॉकरलाही आहे, तो नाहीसा होत नाही. तशी जागा आली तर टू व्हील करा किंवा एक्सिलरेटर अगदी हलका ठेवा.

आणि लॉकर मागवण्याआधी एक काम करा. येत्या शनिवारी डांबर संपल्यावर चारही टायरची हवा १६-१८ पीएसआयवर आणा आणि ओहोळ ओलांडून बघा. येताना डांबराच्या तोंडाशी पुन्हा भरा. छोटा बारा व्होल्टचा पंप पुरतो.


खाजण | १४ ऑगस्ट, दुपारी ३:००

गोव्यातून. दोन गोष्टी, तांत्रिक नसल्या तरी महत्त्वाच्या.

पहिली कागदांची. नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. डिफरन्शिअलच्या आतले गियर नोंदणीपत्रावर लिहिलेले नसतात. तरी मी माझ्या विमा कंपनीला पत्राने कळवलं, त्यांचं उत्तर जपून ठेवलं आणि मगच काम केलं. अपघात झाल्यावर वाद घालत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसरी जॅकची. मागे लॉकर बसवला तर ही खूणगाठ बांधा, आणि पुढे असला तरी हब आणि फोर व्हील लावलेले असताना हेच लागू. उघड्या डिफरन्शिअलच्या गाडीचं एक चाक जॅकवर असताना कोणी इंजिन चालू करून गियर टाकला तर बहुतेक वेळा ते चाक नुसतं फिरतं. लॉकरच्या गाडीत टेकलेलं चाकही फिरतं, आणि गाडी जॅकवरून उडी मारते. पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं. मी स्टिअरिंगखाली चिठ्ठी चिकटवली आहे.


वेळवंडीकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ८:५०

काल हवा १७ वर आणून ओलांडलं. चार फेऱ्यांपैकी तीन वेळा पार झालो, चौथ्यांदा, पोत्यांसकट, पुन्हा तसंच लटकलो. पण यावेळी थोडं मागे घेऊन वेगळ्या ओळीने निघता आलं. वाटलं होतं त्यापेक्षा खूप फरक पडला. तरी रात्री आजारी माणूस गाडीत असताना चारातल्या तीनवर विसंबणार नाही.

पुढच्या एक्सलसाठी लंचबॉक्स लॉकर मागवतोय. गॅरेजकाका, तुमचा सल्ला मानला नाही याबद्दल राग धरू नका. फिटिंगसाठी मात्र तुमचाच सल्ला हवा आहे.


गॅरेजकाका | १७ ऑगस्ट, रात्री ९:४५

राग कशाचा. हबचा मुद्दा बरोबर आहे, मी हब वापरणारी माणसंच कमी बघितली. आळस करून बारा महिने हब लावून ठेवतात आणि मग स्टिअरिंगच्या नावानं ओरडतात. तुम्ही तसं करणार नसाल तर पुढं बसवा.

आता ऐका. मागवण्याआधी एक्सल शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन (लांबट दाते) मोजा, फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा. 'जिप्सीचा' एवढं सांगून मागवू नका. मागं माझ्याकडं एका जुन्या जीपच्या डाना ४४ एक्सलला एकानं ऐकीव माहितीवर लॉकर मागवला. त्या एक्सलला १०, १९ आणि ३० असे वेगवेगळे स्प्लाइन येतात. आलेला माल बसलाच नाही, परदेशातनं आलेला, परतही जाईना.

पुढचा एक्सल म्हणजे काम जास्त. शाफ्ट आणि बर्फिल्ड बाहेर काढायला दोन्हीकडचे नकल (स्टिअरिंगबरोबर चाकाला वळवणारे भाग) सोडवावे लागतात. एवढं खोललंच आहे तर नकलचे सील, किंगपिनच्या बेअरिंगा आणि एक्सलचे ऑइल सील नवे घाला, पुन्हा खोलायची वेळ येऊ नये. बर्फिल्डचे गोळे धुऊन बघा. खड्डे पडलेले, निळसर झालेले दिसले तर लॉकर घालायच्या आधी जॉइंट बदला.

मग हाउसिंगमधून डिफरन्शिअल बाहेर. बेअरिंगच्या टोप्या उघडायच्या आधी पंचनं खूण करा, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं, ॲडजस्टरच्या खाचा मोजून लिहून ठेवा. लंचबॉक्सचा फायदा हाच की क्राऊन-पिनियनचा मूळ मेळ तसाच राहतो. पण मिस्त्रीनं टोप्यांची अदलाबदल केली की तो फायदा गेला, महिन्याभरात क्राऊन रडायला लागतं. बसवल्यावर दातांचा प्ले (मोकळीक) डायल गेजनं मोजून घ्या. अंदाजानं हात फिरवून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याकडं काम देऊ नका.

जुने थ्रस्ट वॉशर झिजलेले असतील तर नवेच. दोन कप्लरमधली फट फीलर गेजनं मोजा. लॉकरबरोबर येणाऱ्या कागदावर मर्यादा लिहिलेली असते. फट जास्त निघाली तर दात पूर्ण बसत नाहीत आणि कोपरे तुटतात. कमी निघाली तर वळणावर सुटत नाही. या एका मापात सगळं आहे. गियर ऑइल जीएल-५ दर्जाचं, त्या कागदावर सांगितलेल्या घट्टपणाचं. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते काढून बघा, बारीक चमक चालेल, तुकडे नकोत.

टायर दोन्हीकडचे एकाच मापाचे, एकाच झिजेचे, हवा सारखी. एका बाजूला नवा आणि एका बाजूला घासलेला असेल तर सरळ रस्त्यावरही एक चाक सतत पुढं पळतं आणि लॉकर दिवसभर टकटकत राहतो. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर तीही बदला.


रानजाई | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

काकांचा हा प्रतिसाद मी छापून ठेवला. धाग्याच्या वर चिकटवता आला तर बरं होईल.

मला एक जोडावंसं वाटतं. ओहोळ ओलांडताना चाकं गरगर फिरली की तळाचे गोटे उकरले जातात आणि पुढच्या आठवड्यात खळगा आणखी खोल होतो. आमच्याकडे सड्यांवर तर ओली माती एकदा कापली की तिथलं गवत आणि फुलं वर्ष-वर्ष येत नाहीत. लॉक लागल्यावर चाक फिरायचं थांबतं आणि गाडी चालण्याच्या वेगाने निघते, म्हणून मला तो जमिनीसाठीही हवासा वाटतो. पण मग घाई करायची नाही.


वेळवंडीकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:१०

उशीर झाला, क्षमस्व. लॉकर यायला वेळ लागला, आणि भोरच्या एका जाणत्या मिस्त्रींकडे दोन दिवस काम चाललं. मी पूर्ण वेळ तिथे बसून होतो. टोप्यांवर खुणा केल्या, फट तीन ठिकाणी मोजली, मर्यादेत आली. सील सगळे नवे. उजव्या बर्फिल्डला खड्डे दिसले म्हणून तो जॉइंटही बदलला. खर्च वाढला, पण काकांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मन तयार होतं.

आतापर्यंत तीन शनिवार झाले. ओहोळात गाडी आता अडत नाही. पुढचं डावं चाक लोंबकळतं, एक क्षण वाटतं अडकलो, मग उजवं चाक गोट्यांवर चढतं आणि गाडी मुंगीच्या चालीने बाहेर येते. पहिल्यांदा पार झालो तेव्हा चुलती पडवीत उभी राहून बघत होती. मी उतरून तिच्या पायाच पडलो.

डांबरावर हब सुटे असताना फरक शून्य. बायकोने परवा कात्रजमार्गे भरपावसात गाडी आणली, तिला काहीही वेगळं जाणवलं नाही.

जे जमलं नाही तेही सांगतो. गोठ्याजवळचं काटकोनातलं वळण फोर लो मध्ये एका दमात बसत नाही, गाडी सरळच जाऊ बघते. तिथे आता मी टू व्हील करून वळतो. आणि शेवटचा चढ, पोती भरलेली असताना: पुढचा भाग हलका होतो, मागचं एक चाक फिरतं, पुढची दोन्ही नुसती घासतात. दोनदा खाली येऊन पुन्हा दम घेऊन चढवावी लागली. काका नेमकं हेच सांगत होते.

एक शंका. बसवलेला लॉकर नीट सुटतोय की नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं?


दातेचक्र | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५५

फार आनंद झाला.

तपासणी अशी. सपाट जागेवर मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद, हब लावलेले, फोर व्हील आणि गियर टाकलेला. दोघे जण दोन चाकांपाशी बसा. दोन्ही चाकं पुढच्या दिशेने, अडतील तिथपर्यंत फिरवा. आता एकाने आपलं चाक तसंच धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने आपलं मागच्या दिशेने फिरवायचं. ते टक-टक करत मोकळं फिरलं पाहिजे. मग बाजू बदला. त्यानंतर हेच उलट्या दिशेने. चारपैकी एकदाही अडलं तर गाडी चालवू नका, फट पुन्हा मोजा.


गॅरेजकाका | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

चढासाठी मागं दुसरा लॉकर आत्ता घेऊ नका. पोती मागच्या फाळक्याला टेकवून रचत असाल तर पुढं सरकवा, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला लागून, आणि उभी नको, आडवी. निम्मी पोती एका फेरीत, निम्मी दुसऱ्या. तरी चाक फिरलं तर ते नेमकं कुठं फिरतं तिथं चुना टाकून खूण करा, आणि दिवाळीनंतर वाट सुकली की तिथं दोन ट्रॉली मुरूम आणि वर चपटे दगड बसवून घ्या. चुलतभावाला सांगा, दगड उभे नाही, आडवे.


वेळवंडीकाठ | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

पोती फाळक्यालाच टेकवत होतो. शनिवारी पुढे रचून बघतो आणि इथेच कळवतो.